उंदासच्या आसपास

फिलिपिन्समध्ये १ आणि २ नोव्हेंबरला उंदास असतो, गेलेल्या माणसांच्या आठवणीचे दिवस. सगळा देश आपापल्या गावच्या स्मशानभूमीत जातो, थडगी धुतो, रंगवतो, रात्रभर तिथेच जेवतो-खातो. ही गर्दी काही आटत नाही. २०२० मध्ये करोनामुळे सरकारने २९ ऑक्टोबर ते ४ नोव्हेंबर देशभरच्या दफनभूमी बंद ठेवल्या, तेव्हा पुष्कळांनी आधीच जाऊन मेणबत्त्या लावल्या. आटतंय ते त्याच्या आजूबाजूचं.

आतोंग. देशाच्या उत्तरेकडच्या इलोकोस भागात घरात माणूस गेला की दारापुढे ओंडका पेटवायचे आणि दफन होईपर्यंत विझू द्यायचे नाहीत. धूर दिसला की गाव समजून घ्यायचं. आता फेसबुकवर कळतं. शहरातल्या भाड्याच्या खोलीपुढे ओंडका पेटवणार तरी कुठे?

दुंगआव, हाही तिथलाच. शवपेटीला टेकून एखादी म्हातारी हेल काढून रडता रडता गाते: यानं कसे कष्ट उपसले, कुणाकुणाला पोसलं, कुणाची क्षमा मागायची राहिली. पाठ केलेलं काही नसतं, सुचेल तसं जुळवायचं. त्यासाठी गेलेला माणूस चांगला ठाऊक असावा लागतो. इथेच अडतं.

दफनानंतर नदीवर जाऊन केस धुवायचे, जाळलेल्या पेंढ्याच्या पाण्याने आणि उसाच्या बासी नावाच्या दारूने. आता नदीऐवजी परसातली बादलीही चालते.

आतांगचं, म्हणजे गेलेल्यांसाठीच्या नैवेद्याचं, ताट अजून वाढलं जातं. फोटोपुढे चिकट तांदळाचे गोड पदार्थ, बासीचा पेला, तंबाखू, विड्याचं पान, सुपारी, चुना. घरात पान खाणारं कुणी उरलेलं नाही, तरी विडा लागतो. आजीला लागायचा ना!

तागालोग गावांत उंदासच्या आदल्या रात्री मुलं-माणसं भटके आत्मे बनून दारोदार गात. त्यांना सुमान, म्हणजे पानात गुंडाळलेला चिकट भात, द्यायचं, नाहीतर सकाळी कोंबडी गायब. सारियायासारख्या ठिकाणी ही पांगांगालुलुवा मुद्दाम जपतात. बाकी ठिकाणी मॉलमधून आणलेले भुताचे मुखवटे आले, कोंबड्या निर्धास्त झाल्या.

घरात कुणी गेलं की वर्षभर काळे कपडे घालायचे आणि वर्षश्राद्धाला बाबांग लुक्सा करून ते उतरवायचे. बाबांग लुक्सा अजून होतो, पण काळ्या कपड्यांची जागा बऱ्याचदा छातीवरची एवढीशी काळी पिन घेते.

पाठवता येतं ते मात्र टिकलं. लामायला, म्हणजे शवपेटीभोवतीच्या जागरणाला, यजमानाच्या हातात आबुलोय, म्हणजे मदतीचे पैसे, ठेवायचा. तो आता मोबाइलवरून जमा होतो. दुबईतली मुलगी आईचं दफन व्हिडिओवर पाहते. जागरणात रंगणाऱ्या पत्त्यांच्या डावातला घरच्यांसाठीचा वाटा तेवढा रोख निघतो, त्याला समोर बसावंच लागतं.

आणि पागपाग ठणठणीत आहे. लामायहून थेट घरी जायचं नाही, आत्मा मागोमाग येतो; वाटेत कुठेतरी थांबायचं. न मानणारेही थांबतात. रात्रभर उघडी असलेली दुकानं आहेतच, कॉफी प्यायची, मग घर.