पडद्यावरच्या पेशींची साक्ष

पारशिवनीत घरच्या संगणकावर कृत्रिम जीवसृष्टी उभारण्याचा छंद जोपासताना माझे एक मत पक्के होत गेले. अशा सृष्टीचे मोल ती खऱ्या पेशींसारखी किती दिसते यावर ठरत नाही. आपण लिहिले नाही असे काही तिच्यात घडते का, आणि घडल्यास त्याचे कारण दाखवता येते का, यावर ठरते. म्हणून पेशीला मी मोजकेच देतो. हंगेरीच्या टिबोर गांती यांनी १९७१ मध्ये मांडलेल्या ‘केमोटॉन’ या सजीवाच्या सैद्धांतिक प्रतिरूपात चयापचय, आनुवंशिक सूचना आणि पटल ही तीन अंगे एकमेकांच्या आधाराने चालतात. माझ्या पेशीतही तेवढेच आहे. अन्न पटलातून आत येते, त्यातून ऊर्जा मिळते. ही ऊर्जा पटल राखण्यात आणि सूचनांची नक्कल करण्यात खर्च होते, आणि नक्कल होताना क्वचित चूक होते. ऊर्जेची शिल्लक संपली की पेशी फुटते. ‘जगण्यासाठी धडपड कर’ अशी ओळ कुठेच नाही.

एवढ्याने काय साधते हे अन्नाच्या शोधात स्पष्ट दिसते. ई. कोलाय हा जिवाणू थोडा वेळ सरळ पोहतो, मग गिरकी घेऊन दिशा बदलतो. हॉवर्ड बर्ग यांनी १९७२ मध्ये त्याच्या हालचालीचा सूक्ष्म माग काढून हे दाखवले. मागच्या क्षणापेक्षा अन्न वाढत असेल तर गिरक्या कमी होतात. हाच नियम पडद्यावरच्या पेशींना दिला की त्या अन्नाभोवती गोळा होतात, जरी अन्न कुठे आहे हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. मागच्या क्षणाची आठवण काढून घेतली की त्या पुन्हा विखुरतात. एक नियम काढून कारण तपासण्याची ही सोय मला सर्वांत मोलाची वाटते.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे: खरी पेशी याहून कितीतरी गुंतागुंतीची असते. क्रेग व्हेंटर यांच्या संस्थेने २०१६ मध्ये केवळ ४७३ जनुकांची पेशी घडवली, तेव्हा त्यातल्या १४९ जनुकांचे नेमके काम माहीत नव्हते. ती उणीव माझा खेळ भरून काढणार नाही. पण एखादे कारण एखाद्या परिणामाला पुरेसे आहे का, हे साधे प्रतिरूपही सांगू शकते. ई. कोलायमध्येही वार्धक्य येते असे २००५ मध्ये दिसून आले. पुढच्याच वर्षी पुण्याच्या आबासाहेब गरवारे महाविद्यालयातील मिलिंद वाटवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गणिती प्रतिरूपातून त्याचा विचार केला. विभाजनात झिजलेले घटक दोन्ही पेशींत सारखे वाटायचे की एकीच्याच पदरात टाकायचे, हा त्यातला प्रश्न. जिवाणूंचे वार्धक्य अटळ नसून परिस्थितीनुसार पत्करलेली वाट असू शकते, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. एका नेमक्या प्रश्नाभोवती बांधलेल्या मोजक्या नियमांनी हे काम केले.

दुसरा आक्षेप असा की आत घातले तेच बाहेर येते. याला टॉम रे यांच्या ‘टिएरा’चे उत्तर पुरेसे आहे. १९९० च्या सुमारास त्यांनी ८० सूचनांचा, स्वतःची नक्कल करणारा एक प्रोग्राम संगणकात सोडला. त्यातून ४५ सूचनांचे परजीवी उपजले. नक्कल करण्याचा स्वतःचा भाग नसल्याने ते शेजाऱ्याचा वापरत. ते कोणीही लिहिलेले नव्हते. अर्थात प्रत्येक नवल खरे नसते. ऊर्जेच्या हिशेबातली गळतीही नवल होऊन समोर येते, म्हणून आलेली आणि खर्चलेली ऊर्जा जुळल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

पारशिवनीची ओळख पेंचच्या जंगलामुळे आहे. त्या जंगलातून एक प्राणी वजा करून, त्याचा इतिहास पहिल्यापासून पुन्हा चालवून पाहता येत नाही. पडद्यावर ते करता येते, आणि त्याला प्रयोगशाळा लागत नाही, साधा संगणक पुरतो. म्हणूनच हा छंद महानगरातल्यापेक्षा तालुक्याच्या गावातल्या विद्यार्थ्याच्या अधिक कामाचा आहे, असे मी मानतो. पाठ केलेली पेशी त्याला इथे कारणांसह पडताळता येते.