वेशीबाहेरचं भूत

सूतगिरणीत रातपाळीच्या सुट्टीत मी नारायण धारप वाचतो. भूत लवकर येतच नाही. आधी रोजचं घर, रोजचा जिना. मग एक दार उघडं दिसतं. पुढचं भय आपलंच डोकं कातत बसतं.

हिचकॉकनं १९६२ साली त्रुफोला हे गणित सांगितलं. टेबलाखालचा बॉम्ब अचानक फुटला तर पंधरा सेकंद दचका. बघणाऱ्याला आधीच ठाऊक, बसलेल्यांना नाही, तर पंधरा मिनिटं जीव टांगणीला.

मला हे वाचण्याआधीच कळलं होतं. दादाची वरात गावातनं निघाली. दादा घोड्यावर हसत होता. पारावरची चौघं उठून उभी राहिली. ती फक्त आयनं अन् मी बघितली. बँड वाजतच राहिला.

त्या रात्री काहीच झालं नाही. बॉम्ब फुटला नाही, म्हणून भीती संपलीबी नाही. बँड वाजला की आय अजून पाराकडं बघते.

गावच्या गोष्टीत हडळ वेशीबाहेरच्या चिंचेवर. वेशीबाहेर तर आम्हीच राहतो, बाबांनो. आमची भीती वेशीच्या आत बसलेली असते. ती गोष्ट कुणी लिहायची?