उणे २५५३६

पिंपळवंडीत प्रोग्रामिंगची सी भाषा शिकवायला बसलो की पहिलं उदाहरण टोमॅटोचं. नारायणगावच्या बाजारात भाव निघतो तो २० किलोच्या क्रेटवर, त्यामुळे क्रेट, भाव, पट्टी म्हणजे विक्रीचा हिशेब, हे शब्द पोरांच्या तोंडात असतातच. व्हेरिएबल म्हणजे नाव टाकलेलं क्रेट, एवढं सांगून मी गप्प बसतो आणि त्यांना चुकू देतो.

पहिली चूक ठरलेली. ‘एकूण’ नावाचं व्हेरिएबल घ्यायचं, त्यात शून्य टाकायचं विसरायचं आणि बेरीज सुरू. एकाचं उत्तर बरोबर, शेजारच्याचा आकडा भलताच. मेमरीतल्या त्या जागी आधीचं काहीबाही पडलेलं असतं. बाजारातून परत आलेल्या क्रेटच्या तळाला काय चिकटलेलं असतं, ते इथल्या पोरांना सांगावं लागत नाही.

माझी आवडती चूक मात्र दुसरीच. एका मुलीने वडिलांच्या पट्टीचा प्रोग्राम लिहिला: २०० क्रेट, भाव २०० रुपये. माझ्याकडच्या जुन्या कॉम्प्युटरवरच्या टर्बो सी कंपायलरने उत्तर दिलं, उणे २५५३६. तिथला इंट, म्हणजे पूर्णांकाचा साधा प्रकार, १६ बिटांचा. ३२७६७ ओलांडलं की आकडा फिरून उण्याच्या बाजूने वर येतो. डेनिस रिचीने १९७२ च्या सुमारास ज्या पीडीपी-११ वर सी घडवली, त्यावरही इंट एवढाच होता. तिने उत्तराचं व्हेरिएबल ‘रक्कम’ लाँग, म्हणजे मोठ्या पूर्णांकाचं केलं. उत्तर तेच! पोरगी चिडली. चिडणारच, याच जागी माझीही एकदा अख्खी दुपार गेली आहे. गुणाकार करताना सी बरोबरच्या चिन्हाच्या उजवीकडे बघते, डावीकडे नाही. क्रेट इंट, भाव इंट, म्हणून गुणाकारही इंटमध्येच झाला, तिथेच नासला आणि मग मोठ्या भांड्यात ओतला गेला. ‘सरासरी’ फ्लोट, म्हणजे दशांशाची, असूनही ७ भागिले २ चे ३ च येतात, ते यामुळेच. लाँग करायचं होतं ते क्रेटला. नव्या कंपायलरवर इंट बहुधा ३२ बिटांचा, २१४ कोटींपर्यंत निभावतो. तिथे ही चूक दिसतच नाही. म्हणून ते जुनं खोकं मी मोडीत काढलेलं नाही.

दुरुस्तीच्या आधी तिने तो आकडा वडिलांना दाखवला होता, हसतील म्हणून. त्यांनी उण्याच्या चिन्हाकडे नीट पाहिलं आणि विचारलं, “हमाली नि गाडीभाडं धरूनच ना?”