गाजराची पुंगी

गाजराची पुंगी वाजली तर वाजली, नाहीं तर मोडून खाल्ली, ही म्हण आपल्याकडे लहानथोरांस ठाऊक आहे. व्हिएन्ना शहरांत १९९८ सालीं निघालेलें एक वादकमंडळ तर ती अक्षरशः आचरणांत आणीत आलें आहे. हे लोक ताज्या भाज्या कोरून वाद्यें करतात, गाजराच्या बासऱ्या फुंकतात, आणि कार्यक्रम आटोपला कीं भाज्यांचें सूप करून श्रोत्यांस देतात. आमच्या वर्गांतल्या पुंग्यांची गोष्ट निराळी. त्या घरोघरच्या टाकाऊ वस्तूंच्या असल्यामुळें मोडून खाण्याची सोय नाहीं. त्यांना वाजण्यावांचून गत्यंतर नाहीं.

शुक्रवारच्या शेवटच्या तासाला सातवी ते नववीचीं कांहीं मुलें आमच्याकडे येतात. संपलेल्या बॉलपेनांच्या नळ्या, सरबताच्या धुतलेल्या बाटल्या, घरांत विजेच्या तारा बसवितांना उरलेले पांढऱ्या नळीचे तुकडे, नाताळांत अर्ध्या जळलेल्या मेणबत्त्या, असा ऐवज ज्यानें त्यानें घरून आणावयाचा. विकत कांहीं घ्यावयाचें नाहीं. आमच्या लहानपणीं आम्ही पपईच्या देठाची पिपाणी करीत असूं. तिला एक चाकू आणि परसांतली पपई पुरे होई. टाकाऊ वस्तूंतून शिकविण्याची ही वाट रुंद करण्याचें मोठें श्रेय श्री. अरविंद गुप्ता यांस द्यावयास हवें. पुण्याच्या आयुका संस्थेंतील मुलांच्या विज्ञानकेंद्रांत त्यांनीं अनेक वर्षें हेंच काम केलें. २०१८ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. त्यांच्या सुबक खेळण्यांपुढें आमचीं वाद्यें ओबडधोबड आहेत, हें आधींच सांगून ठेवतों.

आरंभ बाटलीपासून करावा. तोंडावरून आडवी फुंकर घातली कीं बाटली घुमते, आणि आंत पाणी ओतीत गेलें कीं स्वर चढत जातो. तीच बाटली चमच्यानें ठोकली तर पाणी वाढेल तसा स्वर उतरतो. बाटली तीच, पाणी तेंच, आणि उत्तर उलट! मुलें यावर भांडतात व आम्ही त्यांस भांडूं देतों. फुंकतांना आंतली हवा कांपते, ठोकतांना कांच कांपते, आणि पाण्याच्या ओझ्यानें कांच मंदावते, इतकें तीं आपसांतच काढतात. जलतरंगवाला वाट्यांत कमीअधिक पाणी घालतो तें हेंच जाणून. पुढची गांठ मात्र सावकाश सुटते. बाटलीचा स्वर एक सप्तक चढवावयाचा तर आंतली हवा निम्मी करून भागत नाहीं, चौथाई करावी लागते. म्हणजे तीन हिस्से पाणी. बाटलीचें पोट आणि गळा मिळून कसे घुमतात, याचा विचार हेल्महोल्ट्‌झ या जर्मन पंडितानें केला होता. त्याचा स्वरांवरील ग्रंथ १८६३ सालचा आहे.

नळीचा हिशेब वेगळा. एक टोंक मेणानें बंद केलेल्या नळींत पाव लहर मावते, असें पुस्तक सांगतें. तेव्हां लांबी निम्मी केली कीं तार षड्‌ज मिळावा. आमच्या नळीचा आंतला व्यास सुमारें १२ मिलिमीटर. सेकंदास ५२३ कंपनांचा षड्‌ज धरला, तर २५ अंश उष्णतेच्या हवेंत पाव लहर सुमारें १६.५ सेंटिमीटर भरते. पण कांपणारी हवा नळीच्या तोंडाशीं थबकत नाहीं. त्रिज्येच्या सुमारें सहा दशांश इतकी ती बाहेर डोकावते. म्हणून नळी १६.२ सेंटिमीटर ठेवावी लागते. तिची निम्मी होते ८.१; तार षड्‌जाला मात्र ७.९ ची नळी हवी, आणि ओठानें तोंड थोडें झांकलें जात असल्यामुळें त्याहूनहि किंचित आंखूड. हे दोन मिलिमीटर आमच्यापेक्षां चांगले शिक्षक आहेत. गणित बरोबर, माप बरोबर, आणि स्वर उतरलेला! मग मुलगा नळी दगडावर थोडी घांसतो, फुंकतो, मान हलवितो, पुन्हां घांसतो. जास्त घांसली गेली तर तळाचें मेण जरासें उकरावें, स्वर खालीं येतो. जें कान पेटीच्या पट्ट्या दाबून वर्षभरांत तयार होत नाहींत, ते या घांसाघाशींत महिन्याभरांत तयार होतात, असा आमचा अनुभव आहे.

भोंकें पाडण्यास तापलेला खिळा वापरूं नये. ह्या पांढऱ्या नळ्या जळाल्या कीं घातक धूर निघतो. हाताचें गिरमिट बरें. एका वाद्याला एकच तोंड, हा नियम मात्र २०२० सालच्या साथीनंतर कोणासहि समजावून सांगावा लागत नाहीं.

राहिली शीतपेयाच्या नळीची पिपाणी. एक टोंक चपटें करून दोन्ही बाजूंनीं तिरकें कापलें कीं सनईच्या तोंडाशीं असते तशी दुहेरी पत्ती तयार होते. ती ओठांत धरून फुंकतांच ओरडते, आणि फुंकतां फुंकतां दुसरीकडून कात्रीनें तुकडे पाडीत गेलें तर आवाज चढत चढत पार किंचाळण्यावर येतो. प्लास्टिकच्या अशा नळ्यांवर १ जुलै २०२२ पासून देशांत बंदी आली. बंदी योग्यच आहे. परंतु कागदी नळीची पत्ती चार फुंकरांत ओली होऊन मिटते. मुलें तिला मेण चोळून पाहतात. यश निम्मेंच येतें.

ह्याच पिपाणीवरून गेल्या वर्षीं एक पालक आमच्याकडे आले. बसा म्हटलें तरी बसले नाहींत. म्हणाले, "सर, माझे आजे दुसऱ्यांच्या लग्नांत मांडवाबाहेर उभे राहून वाजवायचे. जेवायला सर्वांत शेवटीं, आणि तेंहि बाहेरच. माझ्या वडिलांनीं तें सोडलें तें माझ्यासाठीं. आतां माझ्या पोरानें कचऱ्यांतली पिपाणी तोंडाला लावायची, तर त्याला शाळेंत कशाला घातला?"

ध्वनिशास्त्राचें उत्तर आमच्या जिभेवर होतें. तें आम्हीं गिळलें, कारण त्यांचा प्रश्न ध्वनीविषयीं नव्हताच. मंगल प्रसंगीं सनईवांचून चालत नाहीं आणि सनईवाला मात्र पंक्तीला चालत नाहीं, ही आपल्या समाजाची रीत त्यांनीं पुस्तकांत वाचलेली नव्हती, घरांत ऐकलेली होती. बिस्मिल्ला खानांस २००१ सालीं भारतरत्न मिळालें, हें सांगणें सोपें होतें. पण एका वादकाच्या गौरवानें मांडवाबाहेर उठलेल्या पंगती भरून येत नाहींत. आम्हीं इतकेंच म्हटलें कीं, येथें कोणी कोणासाठीं वाजवीत नाहीं. ते कांहीं बोलले नाहींत. मुलाची पिपाणी मेजावर होती. ती त्यांनीं उचलली, पत्ती दोन बोटांत दाबून पाहिली, "जाड राहिली आहे," असें म्हणून पुन्हां होती तेथें ठेविली, आणि गेले. पुढच्या शुक्रवारीं मुलगा वर्गांत आला. घरीं काय बोलणें झालें, तें आम्हीं विचारलें नाहीं.

इंग्लंडांत १९३२ सालीं वेळूच्या बासऱ्या करणाऱ्यांचा एक संघ निघाला. त्या चळवळीच्या मुळाशीं मार्गारेट जेम्स नांवाची एक शिक्षिका होती, आणि ज्यानें त्यानें आपली बासरी आपणच करून वाजवावी, हा तिचा दंडक होता. राल्फ व्हॉन विल्यम्स यांच्यासारख्या थोर संगीतकारानें १९३९ सालीं अशा बासऱ्यांसाठीं रचना केली. हा दंडक आम्हीं पूर्वींच उचलला होता. त्या पालकांच्या भेटीनंतर त्यांत एका कलमाची भर घातली: वर्गांतलीं वाद्यें कोणाच्या स्वागतास वाजवावयाचीं नाहींत.

हें कलम पाळणें वाटलें तितकें सोपें गेलें नाहीं. स्नेहसंमेलनांत प्रमुख पाहुणे दारांतून येतांना मुलांनीं दुतर्फा उभें राहून आपल्या नळ्या वाजवाव्या, फार शोभा येईल, अशी सूचना आली. सूचना सद्भावनेची होती. आम्हीं ती मान्य केली नाहीं, व त्याबद्दल थोडी नाराजीहि सोसली. त्याऐवजीं एका मेजावर कागदी नळ्या, कात्र्या आणि मेणाचे तुकडे मांडले, व ज्यांना पिपाणी ऐकावयाची असेल त्यांनीं ती करून घ्यावी, अशी पाटी लावली. पाहुण्यांनीं सदऱ्याच्या बाह्या सारल्या. त्यांची पहिली मुकीच राहिली, दुसरीची पत्ती ओली होऊन मिटली, आणि आठवीच्या एका मुलीनें कात्री कशी तिरपी धरावी तें दाखविल्यावर तिसरी एकदांची ओरडली. ती त्यांनीं खिशांत घालून नेली.