रिकाम्या रस्त्यांची छायाचित्रे

एकोणिसाव्या शतकातली कैरोची (उर्दूत आपण त्याच शहराला काहिरा म्हणतो) छायाचित्रे पाहिली की प्रथम जाणवते ती सामसूम. लाकडी जाळ्यांच्या खिडक्या, मिनार, दगडी कमानी, सगळे जागच्या जागी. माणसे मात्र तुरळकच. पाहणाऱ्याला वाटावे, हे शहर केव्हाचेच झोपी गेले आहे.

शहर जागे होते. तेव्हाच्या कॅमेऱ्याला एक चित्र टिपायला कित्येक सेकंद, कधी मिनिटेही लागत. तेवढ्या वेळात मश्क घेऊन जाणारा भिश्ती, गाढव हाकणारा पोऱ्या, चालता फिरता कोणीच उमटत नसे. भिंत हलत नाही, म्हणून भिंत उरली. दागेरने 1838 मध्ये पॅरिसचा एक गजबजलेला रस्ता टिपला, तोही असाच रिकामा आला. बूट पॉलिश करून घेत उभा असलेला एक माणूस तेवढा दिसतो. त्यावरून पॅरिस मेलेले शहर ठरले नाही. पूर्वेकडची शहरे मात्र ठरली. दोष यंत्राचा होता, अर्थ लावणारे डोळे वेगळे होते.

फ्रेंच लेखक माक्सिम द्यू काँ 1849 मध्ये इजिप्तला गेला. 1852 मध्ये त्याने 125 छायाचित्रांचा ग्रंथ काढला. भव्य अवशेषांची उंची कळावी म्हणून तो नावेवरचा खलाशी हाजी इस्माईल याला त्यांच्यापाशी उभा करी. त्याने हलू नये म्हणून सांगितले काय, तर कॅमेऱ्याची पितळी नळी ही तोफ आहे, हललास तर गोळे सुटतील! हे द्यू काँने स्वतःच लिहून ठेवले आहे. हज केलेला एक माणूस त्या चित्रांत मोजपट्टी होऊन उभा आहे.

पुढे हा धंदाच झाला. 1867 मध्ये बेरूतला बोनफिस कुटुंबाने स्टुडिओ उघडला. प्रवाशांना हवे असत ते 'नमुने' तिथे पोशाख चढवून, पडद्यासमोर बसवून तयार होत. आजही मुस्लिम मोहल्ल्याची बातमी आली की सोबत बहुधा तोच अरुंद बोळ आणि तोच पाठमोरा बुरखा छापून येतो. त्याच बोळातून दप्तर घेऊन निघालेल्या मुली चौकटीत येत नाहीत, आणि आमच्यासारख्या शिक्षकांना ते फार खुपते.

कॅमेरा आपल्या लोकांच्याही हाती होता. (छायाचित्राच्या जायज-नाजायजबद्दल उलमांमध्ये मतभेद आहेत, तो विषय वेगळा.) इजिप्शियन लष्करातले अभियंते मुहम्मद सादिक बे यांनी 1861 मध्ये मदिना शरीफची आणि 1880 मध्ये मक्का शरीफची छायाचित्रे घेतली. उस्मानी सुलतान अब्दुल हमीद दुसरे यांनी 1893 च्या सुमारास अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाला 51 अल्बम भेट पाठवले. त्यांत 1819 छायाचित्रे आहेत: शाळा, इस्पितळे, जहाजाच्या गोद्या, अग्निशामक दल. सुलतानांनीही सोयीचे तेवढेच दाखवले, हे खरे. पण ते कोणी तोफेची भीती घालून उभे केलेले नव्हते.

ती चित्रे आता संगणकावर पाहता येतात. एका चित्रात मुलींच्या शाळेतल्या विद्यार्थिनी सरळ आपल्याकडे पाहत उभ्या आहेत. तुर्की तेव्हा अरबी लिपीत लिहीत. त्यामुळे चित्राखालची ओळ आमच्या वर्गातल्या मुली अक्षरे जुळवत वाचू लागतात, आणि 'मकतब' हा शब्द त्यांना लगेच लागतो.