एका चार्जची मजल

चेन्नईला पाऊस आपल्याकडच्या उलट्या पावली येतो. महाराष्ट्रात दसऱ्याच्या सुमाराला आभाळ मोकळं होतं, तेव्हा इथं ऐप्पसी महिन्याचा ईशान्येचा पाऊस धरतो आणि डिसेंबरपर्यंत मुक्काम ठोकतो. तो सरला, पोंगल झाला, की पूर्व किनाऱ्याचा रस्ता सायकलवाल्यांना बोलावू लागतो. थंडी म्हणावी अशी थंडी नसतेच, पण पहाटेची हवा अंगाला सुखावते, आणि वारा ईशान्येकडून वाहत असतो. दक्षिणेला निघालेल्या माणसाची पाठ त्याच्याकडे असते. शिडाच्या जहाजांची वेळापत्रकं ज्यांवर बांधलेली असत, त्याच वाऱ्यांपैकी हा एक. बॅटरीच्या सायकलवर बसलं की या वाऱ्याची किंमत कळते. तो पाठीशी असला तर तेवढ्याच चार्जमध्ये दहा-बारा किलोमीटर जास्त पदरात पडतात.

रस्ता तिरुवान्मियूरहून सुटतो तो पुदुच्चेरीपर्यंत सुमारे 150 किलोमीटर. सगळे त्याला ईसीआर म्हणतात. शनिवार-रविवारी त्यावर भरधाव गाड्यांचं राज्य असतं, म्हणून मी आडवार आणि पहाट पाहून निघते. मुट्टुकाडूच्या पुलावर उजाडतं. खाली खाडीत कमरेइतक्या पाण्यात उभा असलेला कोळी जाळं फेकतो. ते हवेत पूर्ण गोल होतं आणि कडेच्या शिशाच्या मण्यांनी पाण्यावर एकदम सर आल्यासारखा आवाज होतो. मोटारीत बसून हा आवाज ऐकू येत नाही. सायकलवर येतो, कारण मोटर चालू असली तरी ती नुसती गुणगुणत असते.

माझ्या पिढीने लहानपणी ज्या हर्क्युलिस आणि बीएसए सायकली कैचीने चालवल्या, त्या बनवणारी टीआय सायकल्स ही कंपनी इथलीच, अंबत्तूरची, 1949 सालची. त्या सायकलींची नात शोभावी अशी ही बॅटरीची सायकल. मोटर 250 वॅटपर्यंत आणि तिच्या जोरावरचा वेग ताशी 25 किलोमीटरपर्यंत असला की ना परवाना लागतो, ना नंबरप्लेट. पायडल मारलं की मोटर हात देते. थांबवलं की तीही थांबते. हिला फसवेगिरी समजणारे खंदे सायकलवाले आहेत. मला ते पटत नाही. गुडघे कुरकुरू लागलेल्या बाईला एकटीने शंभर किलोमीटरचा किनारा स्वतःच्या पायांनी बघता येतो, यात फसवणूक कुणाची झाली?

पण ही सायकल एक अट घालते. 36 व्होल्ट, 10 अँपिअर-अवर म्हणजे 360 वॅट-तास, एवढंच तिचं पोट. आपला साधा पंखा पाच तासांत एवढी वीज खातो. त्या बळावर सामानासकट चाळीस-पन्नास किलोमीटर होतात, मग थांबावंच लागतं. चार-पाच तास थांबावं लागतं, आणि तेही कुणाच्या तरी दारात. तेव्हा ‘एकटीने प्रवास’ हे शब्द मी जपून वापरते. मोटारवाला पंपावर पैसे देऊन पुढे सरकतो. मला प्रत्येक मजलेला कुणाला तरी विचारावं लागतं.

महाबलीपुरम मागे टाकलं की कल्पाक्कम. तिथली पहिली अणुभट्टी 1984 साली सुरू झाली, तिथल्या वीजकेंद्राच्या तारा रस्ता ओलांडून जातात. त्या तारांखालून निघालेली मी, पालार नदीचा कोरडा पट्टा ओलांडून, दोन तारांचा एक सॉकेट शोधत असते. कडपाक्कमच्या अलीकडे एका चहाच्या टपरीवर मोडक्यातोडक्या तमिळमध्ये विचारलं, “अक्का, इंगे चार्ज पोडलामा?” तिने माझ्याकडे पाहिलं, फ्रीजच्या मागे वाकून एक पिन उपसली, कशाची होती कोण जाणे, आणि माझी लावली. मग पैशांचा विषय निघण्याआधी विचारलं, “साप्टाच्चा?” जेवलीस का? मी नाही म्हटलं. ताटात इडियाप्पम आलं, नारळाचं दूध आलं. विजेचे पैसे तिने अखेरपर्यंत घेतले नाहीत.

मला तंजावर आठवतं ते अशा वेळी. व्यंकोजीराजांपासून तिथे मराठी गादी होती, आणि तंजावरहून रामेश्वराकडे जाणाऱ्या वाटेवर भोसल्यांनी छत्रं, म्हणजे वाटसरूंसाठी धर्मशाळा, बांधली, कितीतरी राजघराण्यातल्या स्त्रियांच्या नावांनी. ओरत्तनाडूला मुक्तांबाळ छत्रम आहे, सरफोजीराजांनी 1802 साली बांधलेलं. काशीची गंगा कावडीतून रामेश्वराला आणि सेतूची वाळू काशीला, ही आपल्या लोकांची सगळ्यात लांबची वाट. एकनाथांनी गाढवाच्या तोंडी घातली ती याच वाटेवरची कावड. त्या वाटेने जाणाऱ्यांसाठी ही छत्रं. इंग्रजांनी राज्याचा कारभार ताब्यात घेतल्यावर सरफोजीराजांनी 1801 साली रेसिडेंटला पत्र लिहून या छत्रांना हात लावू नये अशी विनंती केली. छत्रात काय चालतं, तेही त्यात तपशिलाने सांगितलं. ब्राह्मणापासून अस्पृश्यापर्यंत येईल त्या वाटसरूला अन्न, आजाऱ्याला वैद्य आणि औषध, मुलांना शिक्षक. आणि मध्यरात्री घंटा वाजवून पुकारा व्हायचा, की कुणी जेवायचं राहिलं असेल तर त्याने यावं.

राज्य गेलेला राजा पत्रात कशासाठी अजीजी करतो, तर या घंटेसाठी. तंजावरच्या मराठी राजवटीची कला, ग्रंथ, संगीत यांचं कौतुक पुष्कळ होतं. मला तिचं सगळ्यात मोठं काम ही घंटा वाटते.

मरक्काणमला मिठागरं लागतात. पावसाने विसकटलेली खाचरं पुन्हा घडवायचं काम चालू असतं. चिखलाचे बांध, त्यांत घेतलेलं पाणी, आणि त्या पाण्यात उलटं पडलेलं आभाळ. इथून बरंच दक्षिणेला, वेदारण्यमला, 1930 च्या एप्रिलमध्ये राजाजींचा मिठाचा सत्याग्रह झाला. तिरुचिरापल्लीहून शंभरेक माणसं पायी निघाली होती. यांना जेवू-खाऊ घालणाऱ्याला शिक्षा होईल, असं तंजावरच्या कलेक्टरने, थॉर्न त्याचं नाव, जाहीर केलं. ज्या जिल्ह्यात मध्यरात्री घंटा वाजवून जेवायला बोलावलं जात असे, त्याच जिल्ह्यात. लोकांनी मग अन्नाची पुडकी वाटेवरच्या झाडांच्या फांद्यांना बांधून ठेवली. सत्याग्रही पोचले आणि मीठ उचललं गेलं.

दुपारी वारा फिरतो. समुद्राकडचा, आग्नेयेचा वारा तोंडावर येतो आणि बॅटरीची रेघ डोळ्यांदेखत खाली सरकू लागते. अशा वेळी मदत कमीत कमी पातळीवर आणावी, हँडलवर वाकावं आणि पायांवर भिस्त ठेवावी. पुदुच्चेरीच्या अलीकडचे शेवटचे काही किलोमीटर मी असेच काढते, वाटेतल्या सुरूच्या बनांची सावली मिळेल तेवढी घेत.

रस्ता मात्र पुदुच्चेरीला संपत नाही. कडलूर, चिदंबरम, नागपट्टणम, वेदारण्यम, आणि पुढे मल्लिपट्टिनमजवळ सरफोजीराजांनी नेपोलियनच्या पराभवाची आठवण म्हणून समुद्रकाठी उभारलेला मनोरा. त्याच्या जवळच्या गावाचं नाव आजही सेतुभावाछत्रम आहे. तिथवर जायचं मनात आहे, पुढच्या पोंगलनंतर, वारा पाठीशी असताना. नकाशावर मी चाळीस-चाळीस किलोमीटरवर खुणा करून ठेवल्या आहेत. त्या गावांत मी कुणालाच ओळखत नाही. चार्जर पिशवीत सगळ्यात वर ठेवते, आणि सोबत एक रिकामा डबा.