राखून ठेवलेली शिदोरी

मिलानहून आगगाडीने आम्ही लुगानोस निघालो, तेव्हा इटलीत घेतलेल्या सिमकार्डावर आमची सारी भिस्त होती. १५ जून २०१७ पासून युरोपीय संघातील देशांत रोमिंगचे वेगळे शुल्क उरलेले नाही; परंतु स्वित्झर्लंड त्या संघात नाही, याचे आम्हांस विस्मरण झाले. कियासोची सीमा ओलांडली, गावाकडच्या चित्रफिती मोबाईलवर आपोआप उतरत राहिल्या आणि घटकाभरात शिल्लक संपली. सायंकाळी आजारी आईने व्हॉट्सॲपवर साद घातली होती. मुक्कामी वायफाय मिळाले, तेव्हा ते कळले. तोवर वसईत मध्यरात्र उलटली होती. आता सीमेपूर्वीच आम्ही नकाशे उतरवून ठेवतो, रोमिंगमधील आपोआप उतरणे बंद करतो. उरलेली शिदोरी आईच्या हाकेसाठी असते.